लुगड्यातली मंदिरपथगामिनी

माझं माहेर धावडा, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं. अजिंठ्याचा डोंगर आमच्या गावापासून जवळच. माझी माय जन्मभर नऊवारी लुगडं नेसली. निंदायला जाताना तेच, लग्नकार्यालाही तेच. मी शिकायला शहरात गेले आणि मला त्या लुगड्याची लाज वाटायला लागली. बक्षीस समारंभाला पाचवारी नेसून ये, असं मीच तिला बजावलं. बिचारी आली नेसून! पण सारखा पदर ओढत, पायात घोळ अडकवून घेत, मागच्या रांगेत अंग चोरून बसली. खरं सांगते, ती संध्याकाळ मला अजून टोचते.

पुढे कितीतरी वर्षांनी, मुलीच्या कलेच्या पुस्तकात एका पुतळ्याचा फोटो दिसला. नऊवारी नेसलेली एक तरुण बाई देवळाकडे निघालीय. मी पान उलटायचं विसरूनच गेले. नाव होतं ‘मंदिरपथगामिनी’, शिल्पकार गणपतराव म्हात्रे.

गणपतरावांचा जन्म १८७६ सालचा, पुण्याचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. आमच्या भागाचंही या शाळेशी नातं आहे बरं का. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत येत आणि चित्रांच्या नकला करून घेत. शाळेतला अभ्यास मात्र युरोपच्या वळणाचा. जुन्या ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती समोर ठेवायच्या आणि त्या बघून हात बसवायचा.

त्या ग्रीक पुतळ्यांत असं काय होतं? मलाही आधी ठाऊक नव्हतं. अथेन्सच्या टेकडीवर एरेक्थिऑन नावाचं देऊळ आहे, जवळजवळ २४०० वर्षांपूर्वीचं. त्याच्या एका ओसरीचं छत खांबांनी नाही, तर दगडात घडवलेल्या सहा बायकांनी डोक्यावर तोललंय. अंगावर सैल, लांबरुंद वस्त्र. ज्या पायावर भार, तिथे वस्त्राच्या चुण्या खांबावरच्या खाचांसारख्या सरळ उतरतात. दुसरा पाय जरा सैल सोडलेला, त्याचा गुडघा कापडातून जाणवतो. म्हणजे कापड नुसतं अंग झाकत नाही, बाई कशी उभी आहे तेही सांगतं! ग्रीक कारागिरांना हे नेमकं कळलं होतं.

गणपतरावांनी ही विद्या घेतली, पण ग्रीक देवी काही घडवली नाही. वयाच्या विसाव्या वर्षी, १८९६ मध्ये, त्यांनी प्लॅस्टरमध्ये घडवली ती आपल्याच घरादारातली बाई. ग्रीक बाईचं वस्त्र बिनशिवणीचं, तसंच आपलं लुगडंही. नुसतं गुंडाळून, खोचून अंगावर बसवायचं. हा धागा त्या पोराच्या नजरेनं बरोब्बर पकडला. त्याच्या हातून लुगड्याला चाल आली, वजन आलं आणि मुख्य म्हणजे मान आला. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात पुतळ्याला रौप्यपदक मिळालं. जॉर्ज बर्डवूडसारख्या इंग्रज जाणकारानं त्याची वाखाणणी केली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९८ मध्ये बंगालीत त्यावर लेख लिहिला.

पुढे गणपतरावांचं नाव झालं, कामं मिळाली. अहमदाबादचा व्हिक्टोरिया राणीचा पुतळा त्यांचा, मुंबईतला न्यायमूर्ती रानड्यांचा पुतळाही त्यांचाच. त्या काळी शिल्पकाराचं पोट भरायचं ते अशा राणीसरकारच्या नि थोरामोठ्यांच्या पुतळ्यांवर. १९४७ मध्ये ते गेले. पण आज त्यांचं नाव निघालं की आठवते ती राणी नाही, तर ही बिननावाची, देवळाला निघालेली बाई.

मला वाटतं, दुसऱ्याकडून शिकायचं ते यासाठीच. मीसुद्धा शिकायलाच घराबाहेर पडले होते, पण शिकून मला माझ्याच मायची लाज वाटली. गणपतरावांनी परक्यांची कला शिकून आपल्या बायांकडे नीट बघितलं.

तो फोटो घेऊन मी धावड्याला गेले. मायनं चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. ही बाई कुठली, कोणाची, हे तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, की बाई घाईत दिसत नाही, घरचं सगळं आवरून निघालेली दिसतेय. मग मी त्या जुन्या समारंभाचा विषय काढला आणि चुकलं म्हणून सांगितलं. तिनं तो हातानंच उडवून लावला.

निघताना मीच तिच्याकडे एक लुगडं मागितलं. तिनं पेटीतलं चांगलं काढलं आणि नेसायचं कसं ते दाखवायला, कमरेला पदर खोचून, माझ्यापुढे उभी राहिली. एका पायावर भार, दुसरा जरासा सैल.