नाद आणि नादारी

आकाशातून पृथ्वीचे छायाचित्र प्रथम ज्याने घेतले, त्या माणसाचे नाव मराठी कानाला मोठे गमतीचे लागते. फ्रान्समध्ये आणि पुढे सर्व जगात तो 'नादार' या नावाने ओळखला गेला. शाळेतील नादारीचा अर्ज ज्यांनी लिहिला किंवा तपासला आहे, त्यांना या शब्दाचा आपल्याकडील अर्थ सांगावयास नको. फ्रेंच भाषेत मात्र त्याला काही अर्थ नाही. गास्पार-फेलिक्स तुर्नाशों हे त्याचे खरे नाव. तरुणपणी मित्रमंडळींत शब्दाच्या शेवटी 'दार' जोडून बोलण्याची एक टूम निघाली होती. तीत तुर्नाशोंचा तुर्नादार झाला आणि पुढे नुसता नादार उरला. या गृहस्थाचे आयुष्य पाहिले म्हणजे वाटते, की मराठीतील अर्थही त्याला फारसा परका नव्हता. एकामागून एक नाद आणि प्रत्येक नादामागून कर्ज, असा त्याच्या नव्वद वर्षांचा हिशेब आहे.

त्याचा जन्म १८२० साली पॅरिसमध्ये झाला. वडील मुद्रक आणि पुस्तकविक्रेते होते. त्यांचा धंदा बुडाला आणि १८३७ मध्ये ते वारले. मुलाने वैद्यकाचा अभ्यास सुरू करून सोडला, वृत्तपत्रांत लेखन केले, व्यंगचित्रे काढली. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी १८४८ साली निघालेल्या स्वयंसेवकांच्या पथकातही तो सामील झाला आणि वाटेतच पकडला गेला. पुढे देणेकऱ्यांच्या तुरुंगाचीही हवा त्याने खाल्ली. फ्रान्समधील एक हजार नामवंतांची व्यंगचित्रे चार भव्य शिळाछाप तक्त्यांवर काढण्याचा संकल्प त्याने सोडला होता. १८५४ मध्ये पहिला तक्ता निघाला. त्यावर सुमारे अडीचशे साहित्यिकांची मिरवणूक होती. वाहवा पुष्कळ झाली. पैसे आले नाहीत, आणि उरलेले तीन तक्तेही निघाले नाहीत.

या तक्त्याच्या कामात चेहरे ध्यानात ठेवण्यासाठी छायाचित्रांचा उपयोग होतो हे त्याच्या लक्षात आले आणि १८५४ मध्येच तो या कलेकडे वळला. योगायोग असा, की त्याच साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे हौशी लोक तीत सामील झाले. छायाचित्रकला तेव्हा पॅरिसमध्ये काय किंवा मुंबईत काय, सारखीच नवी होती. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली आहे तोवरच चित्र घेऊन अंधाऱ्या खोलीत ते उमटवायचे. सारा मामला दहा-पंधरा मिनिटांचा. लेप सुकला की काच फुकट गेली.

नादारने आपला धाकटा भाऊ आद्रियँ याला ही विद्या शिकविली जावी म्हणून खर्च केला, त्याला दुकान थाटून दिले, ते डबघाईला आल्यावर स्वतः मदतीला धावला. धंदा सावरताच भावाने त्याला बाहेर काढले आणि 'धाकटा नादार' ही पाटी मात्र कायम ठेविली. प्रकरण न्यायालयात गेले. १८५७ मध्ये निकाल लागला आणि ते नाव केवळ थोरल्याचेच ठरले. आद्रियँ हाही गुणी होता. मूकनाट्यातील विदूषकाच्या निरनिराळ्या भावमुद्रांची जी मालिका १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजली, तिच्यात त्याचा वाटा मोठा होता. पण ज्या व्यवसायात नावाची सही हेच भांडवल असते, तेथे एका नावाचे दोन धनी नांदणे कठीणच.

नादारचा स्वतःचा स्टुडिओ साँ-लाझार रस्त्यावरील घरात होता. नादारचे साहस म्हटले की लोक बलूनकडे बोट दाखवितात. परंतु त्याचा सर्वांत धाडसी प्रयोग या घरात झाला, आणि त्याला कसलेच यंत्र लागले नाही. त्या काळी छायाचित्र काढवून घेणे म्हणजे एक समारंभ असे. रंगविलेला पडदा, खोटे खांब, कठडा, फुलदाणी, हाताशी एखादे जाडजूड पुस्तक, आणि या सर्वांच्या मध्ये अवघडून उभा असलेला माणूस. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंतही राजवाड्याच्या जिन्याचा पडदा आणि त्यापुढे उभी असलेली नवविवाहित जोडपी पुष्कळांनी पाहिली असतील. दिस्देरी नावाच्या धंदेवाईकाने १८५४ मध्ये एकाच काचेवर आठ छोटी चित्रे घेण्याची युक्ती काढून तिचे पेटंट मिळविले, आणि भेटपत्राच्या आकाराची ही स्वस्त चित्रे पुढे घरोघर जाऊ लागली. त्यांत चेहरा वाटाण्याएवढा आणि खांब हातभर!

नादारने हे सारे सामान काढून टाकले. मागे साधी गडद भिंत, एका बाजूने येणारा प्रकाश, अंगावर नेहमीचेच कपडे, आणि समोर गप्पा मारीत असलेला मित्र. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. समोर बसणारे बोदलेर, गोतिए, थोरले द्युमा हे त्याचे वर्षानुवर्षांचे सोबती होते. त्यांच्या चेहऱ्यांच्या रेषा त्याने व्यंगचित्रकार म्हणून शंभरदा गिरविल्या होत्या. कोणत्या क्षणी माणूस आपल्यासारखा दिसतो, हे त्याला ठाऊक होते. ज्या बोदलेरने पुढे छायाचित्रणावर जाहीर कोरडे ओढले, त्याचाच चेहरा आज जगाला माहीत आहे तो बव्हंशी नादारच्या काचांमुळे. १८५५ ते १८६० या पाच-सहा वर्षांतील ही व्यक्तिचित्रे त्याच्या साऱ्या कामात श्रेष्ठ ठरतात. त्यांतील अनेकांचे त्याला दामही मिळाले नसावे.

याच काळात त्याला आकाशाचा नाद लागला. वरून घेतलेल्या चित्रांवरून जमिनीची मोजणी करता येईल, गावांचे नकाशे बिनचूक काढता येतील, असा त्याचा विचार होता आणि १८५८ मध्ये त्याने पेटंटही घेतले. कागदावर सोपी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात त्याला रडकुंडीला आणू लागली. बलूनच्या टोपलीत काळ्या-नारिंगी कापडाचा तंबू उभारून तोच अंधारी खोली म्हणून वापरायचा, हलत्या टोपलीत काचेवर लेप चढवायचा, चित्र घ्यायचे आणि तेथेच उमटवायचे. प्रत्येक वेळी काच काळी ठिक्कर निघे. द्रावणे बदलली, भांडी घासली, उपयोग शून्य. अखेर एके दिवशी पॅरिसजवळच्या पेती-बिसेत्र या खेड्यात बलून वर जाईना. नादारने टोपलीतले ओझे कमी केले, अंगावरचे कपडेही उतरविले, आणि उरलासुरला वायू वाया जाऊ नये म्हणून बलूनचे तोंड बांधून टाकले. त्या दिवशी काचेवर फिकट का होईना, चित्र उमटले: एक शेतघर, एक खाणावळ आणि पोलिसांची चौकी. तेव्हा कोडे उलगडले. बलूनच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूतील गंधकयुक्त अंश चांदीच्या क्षाराला आजवर काळे फाशीत होता. पैशाच्या, साधनांच्या नव्हे तर केवळ वायूच्या तुटीमुळे लागलेला हा शोध!

या यशाने त्याचा हुरूप वाढला. सूर्य जेथे पोहोचत नाही तेथे चित्र घेता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. विजेच्या कमानी दिव्याचा झोत त्याने आधी स्टुडिओत आपल्या मित्रांच्या तोंडावर पाडून पाहिला. चेहरे राकट दिसू लागले, तेव्हा परावर्तक लावून छाया सौम्य केल्या. १८६१ मध्ये याचेही पेटंट घेऊन तो पॅरिसच्या भूमिगत अस्थिभुयारांत उतरला. तेथे लाखो माणसांची हाडे भिंतींसारखी रचून ठेविलेली आहेत. जड विद्युत्‌घट खाली नेणे जेथे अशक्य होते, तेथे ते रस्त्यावर ठेवून विहिरींतून तारा सोडाव्या लागत. एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ जिवंत मजूर निश्चल राहणार कसा? म्हणून मजुरांचे कपडे चढविलेले पुतळेच कामाला लावले गेले. शहराच्या गटारांतही त्याने असेच काम केले. तेथे कित्येकदा शेवटच्या घटकेला बाजूच्या नळातून वाफ येई आणि सारी मेहनत धुक्यात जाई.

हा खर्च कोठून येत होता? १८६० साली नादार कापुसीन मार्गावरील ३५ क्रमांकाच्या भव्य इमारतीत आला. काचेचा दर्शनी भाग, सर्वत्र लाल रंग, आणि रात्री गॅसच्या दिव्यांनी उजळणारी त्याच्या सहीची अवाढव्य पाटी. एवढा डोलारा मित्रांच्या चित्रांवर चालणे शक्य नव्हते. ज्या भेटपत्री चित्रांचा त्याला तिटकारा होता तीच आता त्याच्या दुकानातून ढिगाने बाहेर पडू लागली. पडदे आले, सामान आले, कॅमेऱ्यामागे बहुधा मदतनीस उभे राहू लागले. खाली लाल शाईतली सही मात्र नादारचीच. भुयारातील दिव्यांना तेल घातले ते या चित्रांनी, हे खरे. पण त्यासाठी साँ-लाझारमधला तो साधा, शांत चेहरा त्याने गमावला, हेही तितकेच खरे. अधूनमधून जॉर्ज सँड किंवा तरुण सारा बर्नार समोर बसे, तेव्हा जुना हात पुन्हा जागा होई. या दोघींची १८६४ च्या सुमाराची चित्रे पाहिली की हानीची कल्पना येते.

पुढे तर नादाने शहाणपणावर पूर्ण मात केली. बलूनला वारा नेईल तिकडे जावे लागते. माणसाला उडायचे असेल तर हवेपेक्षा जड यंत्रच हवे, असे त्याचे ठाम मत झाले. त्या यंत्रासाठी निधी उभारावयाचा म्हणून त्याने काय करावे? तर त्या काळातील एक प्रचंड बलून बांधला! सहा हजार घनमीटर वायू मावणाऱ्या या 'ल जेआं'ची टोपली दुमजली होती. १८६३ च्या ऑक्टोबरात त्याची दोन उड्डाणे झाली. दुसऱ्या खेपेस हॅनोव्हर प्रांतात वाऱ्याने टोपली मैलोगणती जमिनीवरून फरफटत नेली. नादार आणि त्याची पत्नी एर्नेस्तीन दोघेही जबर जखमी झाले. तिकिटांच्या उत्पन्नातून खर्चही निघाला नाही. या खटाटोपात त्याचा स्नेही असलेल्या ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये चंद्रावरील स्वारीची कादंबरी लिहिली, तेव्हा तिच्या नायकाचे 'आर्दां' हे नाव नादारच्याच अक्षरांची उलटापालट करून घेतले.

१८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा हा बदनाम झालेला नाद देशाच्या उपयोगी पडला. मोंमार्त्रवर नादार आणि त्याच्या साथीदारांनी बलूनचा तळ उभारला. २३ सप्टेंबरला तेथून टपाल घेऊन पहिला बलून शत्रूच्या डोक्यावरून निघून गेला. वेढा उठला, पण नादारची तिजोरी रिकामी झाली होती. लाल इमारत सोडून तो लहान जागेत गेला. त्याच्या या जुन्या स्टुडिओत १८७४ च्या एप्रिलमध्ये मोने, रेन्वार, देगा, पिसारो आदी नाकारलेल्या चित्रकारांनी आपले पहिले प्रदर्शन भरविले.

स्टुडिओचा कारभार हळूहळू मुलाकडे, पॉलकडे गेला. पण १८८६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शव्रल यांना शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा बाप-लेकांनी आणखी एक नवी गोष्ट केली. नादार प्रश्न विचारी, म्हातारबुवा हातवारे करीत उत्तरे देत, आणि जलद काम करणाऱ्या नव्या कोरड्या काचांवर पॉल ते हावभाव टिपी. चित्रांखाली त्यांचे शब्द छापून ती मुलाखत साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. आज वृत्तपत्रांत जे रोज घडते, त्याचा हा आरंभ होता.

वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी नादारने मार्सेय येथे पुन्हा स्टुडिओ उघडला. १९०० मध्ये छायाचित्रकार म्हणून आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. जुलै १९०९ मध्ये ब्लेरिओने हवेपेक्षा जड यंत्रात बसून इंग्लिश खाडी ओलांडली आणि वृद्ध नादारने त्याला अभिनंदनाची तार पाठविली. त्याच वर्षी एर्नेस्तीन वारली होती. मार्च १९१० मध्ये, नव्वदी पुरी होण्यास थोडेच दिवस उरले असता, त्यानेही डोळे मिटले. पेती-बिसेत्रच्या त्या तीन घरांचे चित्र आज उपलब्ध नाही.