कै. गोविंद बल्लाळ देवल

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्हा ओलांडून सांगलीस येते, आणि तेथून जवळच हरिपूर या गांवीं तिला वारणा मिळते. संगमावर संगमेश्वराचें जुनें देवालय आहे. याच हरिपुरांत ता. १३ नोव्हेंबर १८५५ रोजीं गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवरा'चा खेळ करून मराठी नाटकाचा पाया घातला, त्यास तेव्हां अवघीं बारा वर्षें झालीं होतीं.

देवलांचें शिक्षण बेळगांवीं झालें. तेथें त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांसारखे गुरु लाभले. स्वतः देवलांनींही कांहीं काळ शिक्षकाचा पेशा पत्करिला होता. पुढें १८८० सालीं किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा नवा मार्ग घालून दिला. त्या मार्गावर देवल आयुष्यभर चालले.

त्यांनीं एकंदर सात नाटकें लिहिलीं. त्यांपैकीं सहांचें मूळ दुसरीकडचें आहे. 'दुर्गा' हें गॅरिक या इंग्रज नटाच्या 'इझाबेला'वरून, 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून, 'मृच्छकटिक' शूद्रकाच्या व 'विक्रमोर्वशीय' कालिदासाच्या नाटकावरून, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून, आणि 'संशयकल्लोळ' मर्फीच्या 'ऑल इन द राँग' या नाटकावरून रचिलेलें आहे. तेव्हां कोणी सहजच विचारील कीं, या नाटकांत देवलांचें असें काय आहे? हा प्रश्न टाळून त्यांचें चरित्र सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

प्रथम त्या मूळ कृतींचेंच मूळ पाहूं. गॅरिकनें 'इझाबेला' रचिलें तें सदर्न याच्या १६९४ सालच्या नाटकाची डागडुजी करून. आणि सदर्ननें आपलें कथानक आफ्रा बेन या लेखिकेच्या कथेवरून घेतलें होतें. 'ऑथेल्लो'ची कथा चिंथिओ या इटालियन ग्रंथकाराची. मर्फीच्या नाटकामागें फ्रेंच नाटककार मोलिएर उभा आहे. 'मृच्छकटिका'ची गोष्ट तर याहून नवलाची. राजा शूद्रकानें शंभर वर्षें व दहा दिवस आयुष्य भोगून अग्निप्रवेश केला, असें त्या नाटकाच्या प्रस्तावनेंतच सांगितलें आहे! स्वतःचें मरण कोणता कवि वर्णन करील? म्हणून शूद्रक खरा कोण, याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. शिवाय १९१२ पासून त्रिवेंद्रम येथें टी. गणपतिशास्त्री यांनीं भासाचीं म्हणून तेरा नाटकें प्रसिद्ध केलीं. त्यांतील 'चारुदत्त' हें 'मृच्छकटिका'च्या पहिल्या चार अंकांशीं इतकें जुळतें कीं, जुना वाद मिटण्याऐवजीं नवा उभा राहिला. खुद्द शेक्सपिअरही यांतून सुटला नाहीं. डेलिया बेकन या अमेरिकन बाईंनीं १८५७ सालीं ग्रंथ लिहून त्याच्या कर्तृत्वावर शंका घेतली, आणि १९२० सालीं लूनी नांवाच्या शिक्षकानें तीं नाटकें ऑक्सफर्डच्या उमरावाचीं ठरविलीं. बहुतेक विद्वान् मात्र तीं स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअरचींच मानतात.

म्हणजे कथा कोणाची, एवढ्यावरून नाटककार ठरवूं गेल्यास कोणीच उरणार नाहीं. मग देवलांचें काय, तें पाहावें. परक्या माणसांना त्यांनीं मराठी घरांतलीं माणसें केलीं. डेस्डिमोना कमळजा झाली, आणि शाहूनगरवासी मंडळींतील गणपतराव जोशी यांनीं झुंझाररावाची भूमिका गाजविली. फाल्गुनराव व कृत्तिका यांचा संशयी संसार पाहतांना हें जोडपें परदेशांतून आलें आहे, असें प्रेक्षकांच्या मनांतही येत नाहीं. भाषा साधी, पदें सोपीं, आणि तालीम कसोशीची. बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासारख्या नटांना त्यांच्या शिक्षणाचा लाभ झाला.

आणि सातवें नाटक 'शारदा' हें सर्वस्वीं त्यांचें आहे. पैशाच्या लोभानें बाप आपली कोंवळी मुलगी एका श्रीमंत म्हाताऱ्यास देऊं निघतो, ही त्या काळीं घरोघर ठाऊक असलेली, पण कोणी मोठ्यानें न बोललेली गोष्ट देवलांनीं १८९९ सालीं रंगभूमीवर उभी केली. बालविवाह रोखणाऱ्या १९२९ च्या शारदा कायद्यास या नाटकावरून नांव पडलें असा कित्येकांचा समज आहे. तें नांव वस्तुतः हरबिलास सारडा यांचें. परंतु असा समज व्हावा, यांतच त्या नाटकाचें वजन दिसून येतें.

ता. १४ जून १९१६ रोजीं देवल निवर्तले. शेक्सपिअरच्या मृत्यूस त्याच वर्षीं तीनशें वर्षें पुरीं झालीं होतीं.

विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याचा निबंध उतरवून खालीं आपलें नांव घालणें ही चोरी होय. दुसऱ्यापासून घेतलेलें पचवून, त्यांत स्वतःचे कष्ट ओतून तें आपल्या लोकांच्या हातीं देणें ही विद्या होय. या दोहोंतील अंतर ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें मूळ 'ऑथेल्लो' व देवलांचा 'झुंझारराव' शेजारीं ठेवून वाचावे.