विजय हजारे यांची उभें राहण्याची ढब

मैदानावर नवा मुलगा आला कीं त्यास प्रथम हेंच सांगण्यांत येतें: अमक्यासारखा उभा राहा, तमक्यासारखी बॅट धर. हा उपदेश वाईट नाहीं. परंतु सर्वांचीं शरीरें एकाच सांच्यांतून निघालेलीं नसतात. कोणाचे हात लांब, कोणाची कंबर ताठ, कोणाचें मनगट लवचिक. गोल्फ खेळणारास हें विशेष जाणवतें. उंच मनुष्यानें ठेंगण्या मनुष्याच्या रीतीनें काठी फिरविली, तर चेंडू भलतीकडेच जातो. क्रिकेटच्या खेळांत हाच धडा एका थोर मराठी खेळाडूच्या चरित्रांत पाहावयास मिळतो.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगली येथें एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं झाला. चेंडूची वाट पाहतांना बॅट मागच्या पायाच्या बोटांजवळ टेकावी, असा सर्वसाधारण नियम. हजारे मात्र ती दोन्ही पॅडांच्या मध्यें अडकविल्यासारखी धरीत. पाहणारास ही ढब ओबडधोबड वाटे, आणि एखाद्या कडक गुरूनें ती पहिल्याच दिवशीं मोडून काढली असती.

सुदैवानें त्यांस निराळा गुरु लाभला. जत संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयामुळें त्यांना ऑस्ट्रेलियाचे विख्यात गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचें मार्गदर्शन मिळालें. ग्रिमेट स्वतः हात खालून, बाजूनें फिरवून चेंडू टाकीत. कसोटी सामन्यांत त्यांचा प्रवेश तेहतिसाव्या वर्षीं झाला, आणि तरीही २०० बळींचा टप्पा ओलांडणारे ते पहिले गोलंदाज ठरले. अशा गुरूनें शिष्याच्या ढबीस हात लावला नाहीं. ती बदलूं नये, असाच सल्ला दिला. यांत लाड नव्हता, पारख होती. चेंडू सुटण्यापूर्वीं बॅट कोठें आहे, यापेक्षां चेंडू येऊन भिडतो त्या क्षणीं डोकें स्थिर, डोळे चेंडूवर आणि बॅट सरळ आहे कीं नाहीं, यावर सारें अवलंबून असतें. तेवढें साधत असेल, तर आरंभाची ढब ज्याच्या त्याच्या शरीरास सोयीची असावी.

या सल्ल्याचें फळ आपल्या पुणें शहरानें पाहिलें. १९३९-४० च्या रणजी हंगामांत येथें बडोद्याविरुद्ध महाराष्ट्रातर्फे खेळतांना हजारे यांनीं नाबाद ३१६ धांवा काढल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत भारतीय खेळाडूनें केलेलें हें पहिलें त्रिशतक होय. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें त्या वर्षीं रणजी करंडकही जिंकला. पुढें १९४३ सालीं मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत त्यांच्या संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या त्यांच्या होत्या.

खरी कसोटी जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेड येथें लागली. समोर ब्रॅडमन यांचा संघ, आणि लिंडवॉल यांचा वेगवान मारा. संघाचा पराभव झाला. परंतु हजारे यांनीं दोन्ही डावांत शतकें झळकाविलीं, ११६ आणि १४५. एकाच कसोटींत असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावांत संघाच्या साऱ्या धांवा २७७ होत्या, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या १४५ धांवांचें मोल कळेल. १९५२ सालीं मद्रास येथें इंग्लंडविरुद्ध भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां संघनायक हजारेच होते. १८ डिसेंबर २००४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या नांवाची एकदिवसीय स्पर्धा आजही भारतांत खेळली जाते.

विद्यार्थिमित्रहो, यावरून मनास येईल तसें खेळावें, असा अर्थ कोणी काढूं नये. हजारे यांच्या त्या ढबीमागें संयम आणि अखंड सराव उभा होता, म्हणूनच ती टिकली. आणि पालकांसही एक विनंती: मुलगा शेजारच्या मुलासारखा अक्षर काढीत नाहीं, धांवत नाहीं, पाठ करीत नाहीं, म्हणून लागलीच त्याचा हात धरूं नये. त्याच्या रीतीनें काम नीट होतें कीं नाहीं, एवढें आधीं पाहावें. होत असेल, तर ती रीत राहूं द्यावी, आणि सराव तेवढा कसून करवून घ्यावा.