एका शेतकरी कवीची पंगत

दरवर्षी २५ जानेवारीच्या रात्री स्कॉटलंडमधल्या कितीतरी घरांत खास पंगत बसते. सण नाही, लग्न नाही, एका कवीचा वाढदिवस! ‘बर्न्स सपर’ म्हणतात त्याला. पण मेन्यू बघाल तर एकदम साधा, शेतकऱ्याच्या घरातला. असं का, हे कळायला आधी रॉबर्ट बर्न्स कोण ते कळायला हवं.

१७५९ साली ॲलोवे गावात, वडिलांनी स्वतः बांधलेल्या मातीच्या घरात तो जन्मला. सात भावंडांत थोरला. शेती खंडानं घेतलेली, जमीन हलकी. पंधराव्या वर्षीच तो मोठ्या माणसाइतका शेतात राबायचा. १७८४ मध्ये वडील गेले, तेही कर्ज आणि कोर्टकचेरीनं पिचून.

पुढे जीन आर्मरला दिवस गेले, पण तिच्या वडिलांना हा जावई नको होता. खिसा रिकामा. शेवटी त्यानं जमैकाला जायचं ठरवलं, गुलामांच्या कष्टांवर चालणाऱ्या मळ्यात नोकरी करायला. हे आज वाचताना खुपतं ना? खुपायलाच हवं. पण जाण्याआधी, १७८६ मध्ये, त्याचं पुस्तक छापलं गेलं. ६१२ प्रती हातोहात संपल्या आणि जमैकाऐवजी त्यानं एडिनबरा गाठलं.

तिथले शिकलेले लोक तेव्हा बोलण्यातले स्कॉट्स शब्द गाळून इंग्रजी घोटवत होते. आणि हा पठ्ठ्या? त्यानं गावच्या भाषेत चक्क हॅगिसवर कविता लिहिली! हॅगिस म्हणजे मेंढीचं हृदय, कलेजी, फुप्पुस, ओट्स, कांदा आणि चरबी एकत्र करून मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत शिजवलेला पदार्थ. फ्रेंच पक्वान्नांपेक्षा हेच भारी, असं त्यानं ठणकावलं.

पुढे जीनशी लग्न झालं, अबकारी खात्यात नोकरी लागली. शेकडो लोकगीतं त्यानं जमवली, दुरुस्त केली, तीही पैसे न घेता. १७९६ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी तो गेला. अंत्यसंस्काराच्या दिवशीच जीनला मुलगा झाला.

पाच वर्षांनी नऊ जण ॲलोवेच्या त्याच घरात जेवायला जमले. पानात हॅगिस होतं. तिथून ही प्रथा पडली.

तुम्हालाही घरी हा बेत करायचाय? सुरुवात कॉक-ए-लीकीनं करा. हे चिकन आणि लीकचं सूप. लीक म्हणजे कांद्याच्या कुळातली भाजी, जाडजूड पातीसारखी दिसणारी. मग हॅगिस, शाकाहारींसाठी मसूर, राजमा, गाजर आणि ओट्सचं. सोबत कुस्करलेले बटाटे आणि सलगम. शेवटी क्रॅनाकन: भाजलेले ओट्स, फेटलेलं क्रीम, मध, रास्पबेरी. रास्पबेरी नसेल तर स्ट्रॉबेरी घाला.

फक्त एक नियम पाळा. हॅगिस कापण्याआधी ती कविता मोठ्यानं म्हणायची, आणि म्हणायची ती स्कॉट्समध्येच. पंगतीतल्या निम्म्यांना अर्धीच कळली तरी चालेल.