बहिष्कृत तत्त्ववेत्ता स्पिनोझा

जे लोक धर्मच्छळास कंटाळून परमुलुखांत आश्रय घेतात, ते निदान दुसऱ्यांच्या मतांविषयीं तरी उदार असावेत, असें कोणासही वाटेल. परंतु इतिहासाची साक्ष नेहमींच तशी नाहीं. बारूख स्पिनोझा याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों तें याच कारणास्तव.

पोर्तुगालांत यहुदी लोकांस बळजबरीनें बाटविण्यांत आलें, व बाटल्यावरही ते चोरून पूर्वधर्म पाळतात या संशयावरून इन्क्विझिशन नांवाच्या धर्मन्यायालयानें त्यांचा पिच्छा पुरविला. त्यांतून निसटलेल्या कित्येक कुटुंबांनीं हॉलंडांतील आम्स्टरडॅम शहरीं व्यापारांत जम बसविला. अशाच एका व्यापाऱ्याच्या घरीं २४ नोव्हेंबर १६३२ रोजीं स्पिनोझा जन्मला. त्यानें लहानपणीं हिब्रू धर्मग्रंथांचें अध्ययन केलें. पुढें लॅटिन भाषा व देकार्तचें तत्त्वज्ञान आत्मसात केलें. १६५४ सालीं वडील वारल्यावर भावासह पेढीही चालविली.

२७ जुलै १६५६ रोजीं समाजाच्या पुढाऱ्यांनीं त्यास वाळीत टाकलें. त्या वेळीं त्याचें वय अवघें २३ वर्षांचें होतें. त्याच्याशीं कोणीं बोलूं नये, पत्रव्यवहार करूं नये, त्यास साह्य करूं नये, एका छपराखालीं राहूं नये, चार हातांच्या आंत जवळ जाऊं नये, त्यानें लिहिलेलें वाचूं नये, असा तो हुकूम होता. पेढीवर बसणाऱ्या मनुष्यास याचा अर्थ काय, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. आम्हांस, कायद्याच्या धंद्यांतील म्हणून, दुसरीच एक गोष्ट अधिक खटकते. त्या निवाड्यांत भयंकर पाखंडाचा व दुष्कृत्यांचा मोघम उल्लेख आहे; परंतु कोणतें मत व कोणतें कृत्य, याचा एका शब्दानेंही खुलासा नाहीं. जेथें आरोपच मोघम, तेथें आरोपीनें बचाव तो कशाचा करावा?

पुढाऱ्यांची बाजूही न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. ते परक्या शहरांत आश्रित होते, व आपल्यांतील पाखंडाबद्दल ख्रिस्ती अधिकाऱ्यांचा रोष ओढवेल ही भीति अगदींच निराधार नव्हती. परंतु भीतीनें अन्यायाचें कारण कळतें, अन्यायाचा न्याय होत नाहीं.

स्पिनोझानें समाज सोडला, तरी ख्रिस्ती धर्माचा आश्रय घेतला नाहीं. दुर्बिणीचीं व सूक्ष्मदर्शकाचीं भिंगें घासून व मित्रांची माफक मदत घेऊन तो रिन्सबर्ग, फोरबर्ग व शेवटीं हेग येथें साधेपणानें राहिला. १६७० सालीं त्याचा धर्म व राज्य यांविषयींचा ग्रंथ निनांवी निघाला. छपाईचें ठिकाणही खोटें घातलें होतें. मोझेसच्या नांवावर चालणारे पांच ग्रंथ मोझेसनें लिहिलेले नाहींत, कारण त्यांत त्याच्या मृत्यूचीही हकीकत आहे. सृष्टीचे नियम मोडणारे चमत्कार संभवत नाहींत. मनुष्याच्या विचारावर कोणत्याही सरकारची सत्ता चालत नाहीं, सबब विचार व उच्चार यांचें स्वातंत्र्य देण्यांतच राज्याचें हित आहे, असें त्यानें प्रतिपादिलें. तेव्हां ज्या ख्रिस्ती पुरोहितांस यहुद्यांचा तिटकारा होता, तेही या एका बाबतींत यहुदी पुढाऱ्यांचे सोबती झाले. १६७४ सालीं हॉलंडच्या सरकारनें त्या ग्रंथास बंदी केली.

१६७३ सालीं हायडेलबर्गच्या विद्यापीठांत त्यास अध्यापकाची जागा देऊं केली होती. प्रस्थापित धर्मास धक्का लागूं नये एवढीच अपेक्षा होती. ती मर्यादा कोठें संपते हें ठरविणारा दुसराच असणार, हें ओळखून त्यानें मान व वेतन दोन्ही नाकारलीं. २१ फेब्रुवारी १६७७ रोजीं, ४४ व्या वर्षीं, फुप्फुसाच्या विकारानें तो वारला. ईश्वर सृष्टीहून निराळा नसून ईश्वर व सृष्टि एकच, हा सिद्धांत मांडणारा त्याचा नीतिशास्त्रावरील ग्रंथ मित्रांनीं त्याच वर्षीं छापला. पुढच्या वर्षीं त्यासही बंदी झाली.

तो बहिष्कार उठवावा काय, याचा विचार आम्स्टरडॅमच्या यहुदी समाजांत २०१५ सालीं झाला. परंतु तो उठविला गेला नाहीं. आमच्या मतें स्पिनोझास आतां त्याची गरजही उरली नाहीं. हुकूम काढणाऱ्यांचीं नांवें आज विद्वानांपलीकडे कोणास ठाऊक नाहींत, आणि जें वाचूं नये म्हणून त्यांनीं फर्माविलें तें देशोदेशीं अभ्यासिलें जात आहे. शंकेस उत्तर असेल तर तें द्यावें. नसेल तर शंका घेणाऱ्यास हांकून दिल्यानें तें सांपडत नाहीं. समाज मात्र आपल्यांतील एका विचारी मनुष्यास मुकतो.