पाश्चर यांची सुडाची बिअर

लुई पाश्चर हे नाव आपल्याकडे दोन गोष्टींमुळे परिचित आहे. एक म्हणजे पिशवीतले पाश्चराइज्ड दूध आणि दुसरी म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस. या थोर फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या ऐन प्रौढ वयातील पाच वर्षे बिअरच्या अभ्यासाला दिली होती, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. स्वतः पाश्चर यांना बिअरची गोडी नव्हती. चांगली आणि सुमार बिअर त्यांना चवीवरून ओळखता येत नसे, म्हणून त्यांचे मित्र त्यांची थट्टाही करीत. तरीही ते या पेयाकडे वळले, कारण त्यांच्या मनात पराभूत देशाचा संताप धुमसत होता.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. त्यापूर्वी त्यांनी नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट म्हणून नाव कमावले होते. देशाभिमान हा मुलाला वडिलांकडून मिळालेला वारसा होता. बालपण आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावात गेले. पुढे पाश्चर रसायनशास्त्रज्ञ झाले आणि १८५४ साली लील येथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे बिटाच्या रसापासून मद्यार्क काढणारा एक कारखानदार आपले गाऱ्हाणे घेऊन त्यांच्याकडे आला. त्याच्या काही पिंपांतील रस आंबट होऊन वाया जात होता. पाश्चर यांनी तो रस सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

पदार्थ आंबतो तो निव्वळ रासायनिक विघटनामुळे, असे लीबिग यांच्यासारख्या मातब्बर जर्मन रसायनतज्ज्ञांचे मत होते. आंबण्याची क्रिया सजीव सूक्ष्मजंतू घडवून आणतात आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यामागे वेगळा जंतू असतो, हे पाश्चर यांनी १८५७ पासून एकेक प्रयोग करून दाखवले. हे जंतू आपोआप निर्माण होत नाहीत, ते हवेतील धुळीबरोबर येतात, हे त्यांनी हंसाच्या मानेसारख्या वळणदार नळीच्या चंबूने सिद्ध केले. उकळलेला रस त्या चंबूत ठेवला की हवा आत जाई, पण धूळ वळणात अडके आणि रस महिनोन् महिने टिके.

प्रयोगशाळेत यश मिळत असताना घरावर मात्र आघात होत होते. १८५९ साली थोरली मुलगी झान विषमज्वराने गेली. १८६५ साली दोन वर्षांची कामिय गेली आणि पुढच्याच वर्षी सेसिललाही विषमज्वराने नेले. १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची डावी बाजू अधू झाली, ती कायमचीच. प्रयोगातील बरेचसे हातकाम त्यानंतर सहकाऱ्यांना करावे लागे.

अशा स्थितीत १८७० चे फ्रान्स-प्रशिया युद्ध आले. पॅरिसला वेढा पडला, राजधानीवर तोफगोळे कोसळले. जर्मनीतील बॉन विद्यापीठाने दिलेली सन्माननीय डॉक्टरेट पाश्चर यांनी जानेवारी १८७१ मध्ये परत केली. त्यांचा एकुलता मुलगा आघाडीवर होता. माघार घेणाऱ्या सैन्याच्या लोंढ्यात, ऐन हिवाळ्यात, अधू शरीराने ते त्याला शोधत फिरले. पाँतार्लिए येथे तो त्यांना भेटला. पण फ्रान्सने युद्ध गमावले होते आणि बिअरसाठी नावाजलेले स्ट्रासबुर्गही जर्मनीकडे गेले होते.

बिअर हा जर्मनांचा मानबिंदू. त्याच क्षेत्रात त्यांना मागे टाकायचे, असा निश्चय पाश्चर यांनी केला. क्लेरमाँ-फेराँजवळच्या शामालिएर येथील एका लहान भट्टीत त्यांनी कामाला सुरुवात केली. १८७१ मध्येच त्यांनी पेटंट घेतले आणि आपल्या पद्धतीच्या बिअरला राष्ट्रीय सुडाची बिअर असे नाव दिले.

बिअरची कृती दिसायला सोपी आहे. बार्लीला मोड आणून ती वाळवायची, भरडून गरम पाण्यात ठेवायची, निघालेला गोड रस हॉप्स घालून उकळायचा आणि निवल्यावर त्यात यीस्ट सोडायचे. पूर्वी हे यीस्ट आधीच्या घाण्यातून राखून ठेवलेले असे, जसे आपण कालच्या दह्यातून विरजण राखतो. विरजणात दोष आला की दही बिघडते, तसेच बिअरचेही होई. निरोगी यीस्टच्या गोल, अंडाकृती पेशींबरोबर काडीसारखे जंतू दिसले की बिअर नासणार, हे पाश्चर यांनी ओळखले. जर्मन पद्धतीत बर्फावर अफाट खर्च होई. त्या थंडीमुळे हे जंतू वाढत नसत, हे गमकही त्यांनी उलगडले. त्यांचा उपाय सरळ होता. रस उकळून जंतुरहित करावा, धुळीपासून जपून निववावा आणि शुद्ध यीस्टच घालावे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते लंडनच्या व्हिटब्रेड कंपनीत गेले. तेथील यीस्टमधील दोष त्यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवताच कंपनीने आठवड्याभरात स्वतःसाठी सूक्ष्मदर्शक घेतला.

१८७६ साली त्यांचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूड मात्र साधला नाही. जर्मन बिअरचे वर्चस्व कायम राहिले. पाश्चर यांच्या विचाराचे चीज झाले ते डेन्मार्कमध्ये. कार्ल्सबर्गचे मालक जे. सी. जेकबसन यांनी प्रयोगशाळा उभारली. तेथील एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. बिअर केवळ जिवाणूंमुळे नव्हे तर रानटी यीस्टमुळेही बिघडते, हे दाखवून त्यांनी पाश्चर यांचे अपुरे राहिलेले कामही पूर्ण केले. जेकबसन यांनी ते यीस्ट इतर उत्पादकांनाही खुले केले. ज्या शोधाला एका देशाची मालमत्ता व्हायचे होते, तो असा साऱ्यांचा झाला.

तो पुढे सामान्यांच्या स्वयंपाकघरातही गेला. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द झाला. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. आपल्याकडे परवान्याविना मद्य बनवणे हा गुन्हा आहे. पण तिकडे हा लोकांचा आवडता छंद झाला. बार्लीचा रस आटवून केलेला माल्टचा अर्क डब्यात मिळतो. सुमारे १.७ किलोच्या डब्यात साखर आणि पाणी घालून २३ लिटरपर्यंत बिअर होते. या संचासोबतच्या कागदावर पहिली सूचना असते ती भांडी निर्जंतुक करण्याची. यीस्टची पुडी बंद असते. पिंपाच्या झाकणावर पाणी भरलेली वळणदार नळी बसवतात. तिच्यातून वायू बाहेर पडतो, पण बाहेरची धूळ आत येत नाही. चंबूच्या त्या हंसमानेची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

या अभ्यासाचे मोठे फळ मात्र निराळेच होते. बिअर जंतूंमुळे आजारी पडते, तर मनुष्य का नाही, हा प्रश्न पाश्चर यांच्या मनात पक्का रुजला. आंबण्यावरील त्यांच्या संशोधनावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रिया रूढ केली आणि १८७४ मध्ये पत्र लिहून पाश्चर यांचे ऋण मान्य केले. स्वतः पाश्चर गुरांच्या काळपुळीकडे आणि पुढे रेबीजकडे वळले. जुलै १८८५ मध्ये झोसेफ मायस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्या लसीमुळे वाचला. स्वतःच्या तीन मुली गमावलेल्या बापाने परक्याचे मूल वाचवले. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. शत्रूला हरवण्यासाठी ज्या सूक्ष्मजंतूंचा त्यांनी माग काढला, त्यांच्या ज्ञानाचा लाभ पुढे शत्रूच्या मुलांनाही झाला.