पंडिता रमाबाई आणि विवेकाचें स्वातंत्र्य

पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें वारल्या, त्यास आतां शंभर वर्षें होऊन गेलीं. एवढ्या अवधींत त्यांच्याविषयींचा वाद शमावयास हवा होता. परंतु त्यांचें नांव निघालें कीं अजूनहि दोन तट पडतात. एकास बाईंचें कार्य मान्य, धर्मांतर अमान्य. दुसऱ्यास धर्मांतर प्रिय, पण स्वतःच्या धर्मगुरूंशीं हुज्जत घालणारी बाई अप्रिय. दोन्ही तटांनीं त्यांस अर्धेंच पाहिलें, असें आमचें मत आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविण्याचा अपराध केला होता. त्याच मातेनें मुलीस पढविलें. पुराण सांगत हें कुटुंब क्षेत्रोक्षेत्रीं हिंडलें आणि दुष्काळांत होरपळलें. आईबाप गेलीं, वडील बहीण गेली. उरलेलीं बहीणभावंडें पायपीट करीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं, आणि तेथील विद्वानांनीं ह्या वीस वर्षांच्या कुमारिकेस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पण ज्या शास्त्रांच्या पठणाबद्दल हा सन्मान झाला, तीं शास्त्रें इतर बाबतींत एकमेकांशीं भांडतात व स्त्री आणि शूद्र यांस कमी लेखण्यांत मात्र बहुतेक एकमत होतात, हें त्यांस तेथेंच उमगलें. पुढील सगळ्या चरित्राचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

१८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं जातिबंधन मोडून बिपिनबिहारी दास मेधावी ह्या वकिलाशीं विवाह केला, आणि १८८२ सालीं तान्ही मनोरमा कडेवर असतां त्यांस वैधव्य आलें. पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं स्त्रीशिक्षक व स्त्रीवैद्य मागितले, आणि १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लोभानें घेतला, भुलून घेतला, असें पुष्कळांनीं लिहिलें. आम्हांस हें पटत नाहीं. लंडनजवळ फुलम येथें ख्रिस्ती जोगिणी पतित म्हटलेल्या स्त्रियांस आश्रय देऊन पुन्हा मानानें उभें करीत, तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. त्यामागील आधार विचारतां त्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतील चवथा अध्याय दाखविण्यांत आला. तेथें येशू एका विहिरीवर बसून हलक्या मानलेल्या जातीच्या, पांच नवरे करून झालेल्या शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो आणि देवाच्या उपासनेसारखा थोर विषय तिच्याशीं बोलतो. जी बाई शास्त्रांत स्त्रीची जागा शोधून थकली होती, तिला ह्या एका प्रसंगानें जिंकलें यांत नवल तें काय?

पण पुढची गोष्ट मिशनऱ्यांच्या चरित्रांत हळूच येते. चेल्टनहॅमच्या विद्यालयांत असतां त्यांनीं पुरुषांस शिकवावें हें बिशपांस रुचेना. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्या प्रश्न विचारीत, तेंहि वडीलधाऱ्या जोगिणीस खपेना. रमाबाईंनीं आपला विवेक कोणत्याहि पुरोहिताच्या स्वाधीन करण्याचें नाकारलें. ब्राह्मणांचा अधिकार झुगारून पाद्र्यांचा पतकरावयाचा, असा त्यांचा सौदा नव्हता.

अमेरिकेंत व्याख्यानें देऊन व उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहून त्यांनीं पैसा जमविला, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील, असें ठरलें होतें. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि कांहीं मुली येऊन बसत. १८९३ सालीं ह्यावरून वादळ उठलें. रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या.

येथें निवाडा करणें सोपें नाहीं. जिचें अन्न, वस्त्र व विद्या एकाच बाईच्या हातीं आहे, त्या अजाण मुलीस उघडें दार हेंच आमंत्रण होतें. पालकांची शंका निराधार नव्हती, आणि तटस्थतेचें वचन बाईंनीं अधिक काटेकोरपणें पाळावयास हवें होतें. परंतु विधवेला स्वतःचें मन आहे व ती तें बदलूं शकते, ही गोष्ट त्यांचे टीकाकार मुळींच ध्यानांत घेत नव्हते. शिवाय ज्यांनीं अधिक गिल्ला केला, त्यांपैकीं कितीकांनीं आपल्या घरच्या विधवेचें केशवपन थांबविलें होतें? ह्याच सदनांतली गोदूबाई त्याच १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाहबद्ध झाली. ती ख्रिस्ती झाली नव्हती, एवढें टीकाकारांनीं ध्यानांत घ्यावयास हवें होतें.

१८९६ च्या दुष्काळांत बाई मध्य प्रांतांत गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन परतल्या. त्यांतून केडगांवचें मुक्ति सदन उभें राहिलें. विणकाम, शेती, दूधदुभतें व छपाई शिकून ह्या बायका स्वतःच्या हातानें मिळवूं लागल्या. पतितांसाठीं कृपासदन निघालें. १८९७ च्या प्लेगांत पुण्याच्या रुग्णालयांतील स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनीं सरकारवर उघड टीका केली. ख्रिस्ती झाल्यानें त्या राज्यकर्त्यांच्या झाल्या, असें म्हणणारांस ह्याची आठवण असावी.

शेवटलीं वर्षें त्यांनीं सर्व बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठींत आणण्यांत घालविलीं. त्या भाषा त्या उतारवयांत शिकल्या. वेदान्ताचा वास असलेले जड संस्कृत शब्द त्या टाळीत. शेतांत राबणाऱ्या बाईस कळेल अशी मराठी त्यांस पाहिजे होती. संस्कृताच्या ह्या पंडितेनें संस्कृत असें दूर ठेवावें, ह्यांत अतिरेक आहे खरा, आणि कित्येक ठिकाणीं भाषा त्यामुळें ओबडधोबड झाली आहे. १९२१ सालीं मनोरमा वारली, तरी काम थांबलें नाहीं. मृत्यूच्या अगदीं थोडे आधीं तें संपलें. खिळे जुळविले मुक्ति सदनांतल्याच बायकांनीं, आणि १९२४ सालीं संपूर्ण ग्रंथ केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडला.